सिलिसाइडमध्ये मिश्रधातू करताना सुरुवात कुठून?

सिलिसाइड म्हणजे धातू आणि सिलिकॉन यांचे संयुग. सुरुवात मॉलिब्डेनम डायसिलिसाइडपासूनच करा, आणि एका वेळी एकच मूलद्रव्य बदला. नवखे लोक १४०० अंशांना चाचणी घेतात, वर सिलिकाचा छान संरक्षक थर दिसतो आणि खूश होतात. खरी परीक्षा ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे मॉलिब्डेनमचा ऑक्साइड उडून जात नाही, भेगांत साचून फुगतो, आणि सच्छिद्र नमुन्याची अक्षरशः भुकटी होते. म्हणून आधी घनता नीट मिळवा.

- ॲल्युमिनियम: ही भुकटी रोखायला मदत, थर ॲल्युमिनाचा.
- टंगस्टन: उच्च तापमानाला ताकद, ठिसूळपणा मात्र तसाच.

नुसता कडकपणा मोजून थांबू नका. कडकपणा मोजताना उमटलेल्या ठशाच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगाही सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. नायोबियम, बोरॉन सध्या बाजूला ठेवा. जमेल तुम्हाला, बिनधास्त विचारत राहा.