सांगलीच्या गावभागात खोली घेण्यापूर्वी
शिक्षणासाठी सांगलीत येऊन गावभागातच राहण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला, कारण गणपती मंदिर, कृष्णेचा घाट आणि मारुती चौकातील बाजार पायी गाठता येईल असे घर विश्रामबागेत मिळणार नाही. मात्र विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही महाविद्यालये तिकडेच असल्याने रोजचा प्रवास गृहीत धरावा.

खरी चौकशी करायची ती पुराची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट व धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपर्यंत चढले आणि मारुती चौक, हरभट रोड हा सारा भाग बुडाला. म्हणून ‘2019 साली पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते?’ असे घरमालकांना थेट विचारा, आणि भाडे थोडे अधिक पडले तरी वरचाच मजला घ्या. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की पुलाजवळची पातळी रोज पाहत जा. ती चाळिशीकडे सरकू लागताच मूळ प्रमाणपत्रे सोबत घेऊन उंच भागातील मित्राकडे मुक्काम हलवा, परंतु त्याआधी शेजारच्या वृद्धांचे सामान वर चढवायला अवश्य हात लावा.