सगळं पाणी बदलू नका हो!

मागच्या अंकात माझ्या घरच्या मासोळ्यांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, तर या महिन्यात कुंड्या, गुलाब, मोगरा सगळं बाजूला राहिलं अन् पत्रं आली ती फक्त फिश टँकची. म्हणून यावेळी झाडांना सुट्टी. बऱ्याच पत्रांत एकच दुखणं होतं, ते पहिल्याच प्रश्नात घेतलंय, तेवढं सगळ्यांनी वाचा.

प्रश्न : ताई, मुलाच्या वाढदिवसाला दोन फुटी टँक आणला. दुकानदाराने त्याच दिवशी चार गोल्डफिश, चार मॉली, दोन एंजल अन् दोन छोटे शार्क दिले. चौथ्या दिवशी एक मेला म्हणून आम्ही टँक पूर्ण रिकामा केला, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईस्तोवर धुतला, नवं पाणी भरलं. तर दोन दिवसात अजून पाच गेले. पाणी एकदम चकाचक आहे तरी मरून राहिले, पोरगा रडून राहिला. आमचं काय चुकलं? (एक आई, मनीषनगर)

उत्तर : तुमचं चुकलं ते स्वच्छता करण्यात, अन् हे ऐकून कोणत्याही आईला राग येईल मला माहीत आहे. पण बघा, मासा खातो, त्याच पाण्यात शी-शू करतो, शिवाय कल्ल्यांतूनही अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं तळाला सडतं त्याचाही अमोनिया होतो. अमोनिया डोळ्याला दिसत नाही, म्हणून पाणी चकाचक दिसतं. जुन्या टाकीत हा अमोनिया खाणारे बॅक्टेरिया असतात, एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आठवड्याच्या पाणी बदलण्यात निघून जातं. हे बॅक्टेरिया राहतात कुठं? तर तुम्ही पांढरा होईस्तोवर धुतला ना, त्या स्पंजवर, अन् ज्या खड्यांना तुम्ही घासलं त्यांच्यावर. चार दिवसात जे काय थोडेफार जमले असतील ते नळाच्या क्लोरीनने गेले, म्हणजे टँक परत शून्यावर आला, वरून पाण्याचा तापमान बदलला तो झटका वेगळाच.

आता करायचं काय. जे सहा उरलेत त्यांना दोन दिवस उपाशी ठेवा, काही होत नाही. रोज पाव टँक पाणी काढून तेवढंच नवं टाका, नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं भरून ठेवलेलं, नाहीतर दुकानात अँटीक्लोर मिळतं त्याचे थेंब टाकून. एअर पंप चोवीस तास. जमलं तर ओळखीच्या कोणाकडे जुना चालू टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला घाणेरडा स्पंजचा तुकडा मागून आणा अन् आपल्या फिल्टरमध्ये कोंबा. लोक दही लावायला शेजारून विरजण आणतात ना, तसंच आहे हे. विरजण नसलं तर टँक बसायला, म्हणजे पुरेसे बॅक्टेरिया जमायला, चार ते सहा आठवडे लागतात. खरं म्हणजे मासे आणायच्या आधीच हे करायचं असतं, रिकाम्या टँकमध्ये फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते सडून अमोनिया होतो अन् बॅक्टेरिया जमतात. पण दुकानदार हे सांगत नाही, सांगितलं तर गिऱ्हाईक महिनाभर परत येणार नाही. अमोनिया-नायट्राइट तपासायचं थेंबांचं किट मिळतं, दोन्ही आधी वाढून मग शून्यावर आले की टँक बसला समजा.

यापुढं स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, हलकासा पिळून. मळकट राहिला पाहिजे. अन् पोराला सांगा की गोल्डफिश अन् एंजल एका टँकमधले नाहीत, एकाला थंड पाणी लागतं, दुसऱ्याला गरम, वरून गोल्डफिश घाण इतकी करतो की दोन फुटीत चार म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला एक बाथरूम. शार्कबद्दल खाली सांगते.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे टँकचं पाणी ३४-३५ पर्यंत जातं. कूलर फक्त रात्री बेडरूममध्ये चालतो, टँक हॉलमध्ये. बर्फ टाकला तर चालतो का? मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाप करतात. (प्रतापनगर)

उत्तर : हा खरा नागपुरी प्रश्न. पुण्या-मुंबईच्या लोकांनी बनवलेले व्हिडिओ इथं कामाचे नाहीत, त्यांना नवतपा, म्हणजे मे अखेरचे होरपळीचे नऊ दिवस, माहीत नाही. २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ ला गेला होता, त्या आठवड्यात मी दुपारी दोन वाजता टेरेसवरच्या टाकीचं पाणी टँकमध्ये टाकायचा गाढवपणा केला होता, पाणी हाताला चटका देत होतं तरी मला सुचलं नाही. सात नियॉन मासे गेले. तेव्हापासून उन्हाळ्यात टँकसाठीचं नवं पाणी रात्री बादलीत काढून ठेवते अन् सकाळी सहाला बदलते.

तुमच्या मासोळ्या वर येऊन राहिल्या त्या उकाड्यानं नाही, ऑक्सिजनसाठी. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २० अंशाला लिटरमागं ९ मिलिग्रॅमच्या वर मावतो, ३५ ला ७ च्या आतच, अन् त्याच वेळी गरमीमुळे माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं. म्हणून पहिलं काम पाणी हलवायचं. पाण्याची पातळी दोन बोटं खाली करा म्हणजे फिल्टरची धार उंचावरून पडेल, एअर स्टोन (पंपाच्या नळीचा बुडबुडे सोडणारा दगड) एकाचे दोन करा. झाकण काढून त्यावर मच्छरदाणीची जाळी बांधा, नाहीतर मासे उड्या मारून फरशीवर. अन् एक छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडा. जे कूलरचं तत्त्व आहे तेच हे, पाणी उडतं अन् उरलेलं थंड होतं, आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. जुलैत दमट हवेत हाच फॅन काही करत नाही, पण तेव्हा गरजही तेवढी नसते.

बर्फ सुटा टाकू नका. लिटरभराची बाटली गोठवून तशीच बंद तरंगत सोडा. दोन फुटी टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी असतं, एक बाटली पूर्ण वितळली की अंदाजे दोन अंश उतरतात. तेवढेच. लवकर लवकर चार बाटल्या टाकल्या तर गरमीनं नाही मरणार, झटक्यानं मरतील.

अजून एक, हे लोक विसरतात. उन्हाळ्यात रोज अर्धा-एक बोट पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार खालीच राहतात. त्यावर बोअरचं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात टँकच्या काचेवर पांढरी रेघ अन् पाणी खूपच जड होतं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानं करा, पण आरओचं जे फेकायचं पाणी निघतं ते नाही, त्यात तर सगळे क्षार एकवटलेले असतात. दर आठवड्याचं बदलायचं पाणी मात्र नेहमीचं.

खाणं अर्धं करा, दुपारी टँकचा लाइट बंद.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, दोन फुटी टँक रिकामाच ठेवलाय, यूट्यूब पाहून सगळं बसवलंय. कोणकोणते मासे एकत्र राहतील? मला नियॉन खूप आवडतात. (मानेवाडा)

उत्तर : रिकामा ठेवलाय म्हणजे पहिली परीक्षा पास. नियॉन ॲमेझॉनकडचा, मऊ अन् जरा थंड पाण्यातला, बोअरच्या जड पाण्यात अन् मे महिन्यात तो तुमच्यावर रुसून राहील. उलट जे पाणी त्याला नको तेच गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना आवडतं, हे सगळे पिल्लं देणारे मासे, जड पाण्यात खुश. म्हणजे तुमचं पाणी वाईट नाही, पाण्यासारखा मासा निवडा फक्त.

एक नमुना सांगते, हाच करा असं नाही. प्लॅटी चार, त्यात एकच नर. मधल्या भागात फिरायला झेब्रा डॅनिओ आठ. हा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, परदेशातल्या लॅबमध्ये त्याच्यावर संशोधन चालतं अन् आपल्या दुकानात स्वस्तात मिळतो म्हणून कोणी विचारत नाही. आठ यासाठी की कळपाचा मासा आहे, दोन-तीन ठेवले तर एकमेकांनाच टोचतात. बस, एवढ्यावर थांबा दोन महिने. मग वाटलं तर एखादी हनी गोरामीची जोडी.

काय नको तेही ऐका. टायगर बार्ब दिसायला झकास पण गोरामी, गप्पी, एंजल यांचे पंख कुरतडतो. एंजल लहानपणी साधा वाटतो, मोठा झाला की नियॉनला घास समजतो. फायटर नर गप्पीबरोबर नको, त्याची शेपटी पाहून त्याला वाटतं हा दुसरा फायटर. गुलाबी-निळे रंगवलेले विडो टेट्रा घेऊच नका, तो रंग वरून चढवलेला असतो, काही महिन्यांत उतरतो, मासोळीला त्रास होतो तो वेगळा. अन् ते "छोटे शार्क", वर मनीषनगरच्या ताईंना दिलेत तसे, बहुतेक वेळा पंगासियस असतात. शेततळ्यात खायला वाढवतात तोच. पुरेशी जागा मिळाली तर मीटरभर लांब होतो, दोन फुटीत नुसता काचेवर आपटून आपटून नाक फोडून घेतो.

प्रश्न : वास्तूसाठी आठ सोनेरी अन् एक काळा ठेवायचा म्हणतात, टँक एक फुटी आहे. (महाल)

उत्तर : एक फुटीत नऊ गोल्डफिश ठेवले तर दर आठवड्याला एक मरणार, मग तुम्ही म्हणणार घरावरचं संकट माशानं घेतलं. नका ठेवू.

प्रश्न : काच साफ राहावी म्हणून सकर आणला होता, आता हातभर झालाय, रात्रभर धडधड आवाज करतो, काचही साफ करत नाही. फुटाळ्यात सोडून दिला तर बिचारा मोकळा होईल ना? (एक आजोबा, रविनगर)

उत्तर : काका, तुमची दया समजते, पण फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, कुठंच सोडू नका. सकर मासा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर चिलखतासारखे कडक खवले, आपल्या तळ्यातला कोणी सहजासहजी त्याला खाऊ शकत नाही. तो काठात बिळं करतो, इथल्या माशांचं खाणं अन् जागा दोन्ही घेतो. देशात बऱ्याच नद्या-तलावांत लोकांनी असेच दयेपोटी सोडलेले सकर आता जाळ्यात येतात अन् जाळी फाडतात, मच्छीमार वैतागलेत. मोठा झाल्यावर तो शेवाळापेक्षा वरून पडलेलं खाणंच जास्त खातो, आयतं मिळालं तर काच कोण चाटणार. अन् दुसऱ्या माशांची घाण तो खातो हा गैरसमज आहे, उलट स्वतःच सगळ्यात जास्त करतो. दुकानदाराला परत द्या, फुकट दिला तर बहुतेक घेतात, नाहीतर ज्यांच्याकडे चार-पाच फुटी टँक आहे त्यांना द्या. काच साफ करायला जुनं एटीएम कार्ड पुरतं.

प्रश्न : डिसेंबरमध्ये माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले, दगडाला अंग घासत होते. निळं औषध तीन दिवस टाकलं, ठिपके गेले, आठवड्यात परत आले. (नंदनवन)

उत्तर : ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही ना. हा इक नावाचा परजीवी, ठिपका म्हणजे तो माशाच्या कातडीखाली बसलेला आहे. तिथं औषध पोचत नाही. पिकला की तळाला पडतो, फुटतो, शेकड्यांनी पिल्लं पोहत निघतात नवीन मासा शोधायला, औषध लागतं ते फक्त त्या पोहणाऱ्यांना. तुम्ही नेमकं मधेच थांबलात. गार पाण्यात हे चक्र हळू चालतं, म्हणून हीटरनं दिवसाला एक-दोन अंश करत २९-३० पर्यंत न्या, एअर पंप फुल ठेवा, अन् लिटरमागं एक ते दोन ग्रॅम जाडं मीठ, आधी मगात विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं करून. तळाला फिरणारे कोरी मासे असतील तर मीठ नको, त्यांना सोसत नाही. शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस चालू ठेवायचं.

अन् हे आलं कशानं, तर आपल्याकडे थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, दिवसा परत २८. त्या वरखालीनं मासे अशक्त होतात. लिटरमागं एक वॉट या हिशोबानं ५० वॉटचा हीटर घ्या, नोव्हेंबरमध्येच. पाणी बदलताना आधी प्लग काढा, पाण्याबाहेर तापलेला हीटर तडकतो.

प्रश्न : आमच्या गल्लीत डेंग्यूची धूरफवारणी झाली त्या रात्री सगळे गप्पी उलटे पडले. योगायोग? (जरीपटका)

उत्तर : योगायोग नाही बहुतेक. मच्छरांवर फवारतात त्यातली बरीच औषधं माणसाला फारशी लागत नाहीत पण माशाला थेंबभरही भारी पडतात. तुमचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे धूर थेट टँकमध्ये. गाडीचा आवाज आला की खिडक्या लावा, पंप बंद, टँकवर ओलं फडकं. तासाभरानं हवा खेळती झाली की चालू करा. घरातला स्प्रे टँकच्या खोलीत कधीच मारू नका. तसंच कूलरमधल्या अळ्या गप्पींना खाऊ घालणारे बरेच आहेत, त्या कूलरमध्ये अळीनाशक टाकलेलं नाही ना हे आधी बघा.

प्रश्न : दिवाळीत आठ दिवस गावी जायचं आहे, शेजारच्या काकू खाणं टाकतो म्हणतात.

उत्तर : काकूंना किल्ली देऊ नका. म्हणजे द्या, पण डबा लपवून जा. धडधाकट मोठे मासे आठ दिवस न खाता आरामात राहतात, पण काकू प्रेमानं मूठभर टाकतील अन् तुम्ही याल तेव्हा पाणी दुधासारखं झालेलं असेल. फारच जीव राहत नसेल तर कागदाच्या तीन पुड्या बांधून द्या, प्रत्येकीत चिमूटभर, एक दिवसाआड एक. जायच्या आदल्या दिवशी पाणी बदलायचं, नवीन मासा आणायचा नाही, अन् एअर पंप इन्व्हर्टरवर आहे का ते बघायचं, दिवाळीत लाइट गेली तर काकूंना फ्रिजची आठवण येईल, टँकची नाही.

प्रश्न : मी फक्त मादी गप्पी घेतल्या, एकही नर नाही, तरी महिन्यात पिल्लं! (बेसा)

उत्तर : दुकानात नर-मादी एकाच टँकमध्ये असतात ना. मादी नराचं बीज महिनोन् महिने साठवून ठेवते, चार-चार आठवड्यांनी पिल्लं देत राहील अजून. आई स्वतःच खाते त्यांना, वाचवायची असतील तर जावा मॉस नाहीतर हायड्रिला या पाणवनस्पती भरपूर टाका. माझ्याकडे आत्ता साठ-सत्तर आहेत, कोणाला पाहिजे असतील तर बरणी घेऊन या, पण टँक सहा आठवडे जुना असेल तरच.