पत्र्याखालच्या माळ्याची खोली, उंची जेमतेम साडेसहा फूट, उन्हापासून वाचवायची कशी?

भाऊ, आतून हात लावायच्या आधी वरून पत्र्याला पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह पेंट मारा, कारण त्यात आतली एक इंचही उंची जात नाही आणि नागपूरच्या नवतप्यात ऊन पत्र्यात शिरायच्या आधीच बरंचसं परत जातं, फक्त धूळ बसली की गुण कमी होतो म्हणून मार्चमध्ये एकदा धुवून घ्यायचा.

आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) नको, जागा फार खातं. पफ नाहीतर पीआयआर या कडक फोमची शीट घ्या, महाग आहे पण तिची १ इंच म्हणजे थर्माकोलची जवळपास दीड इंच. पत्रा ज्यावर टेकलाय त्या लोखंडी अँगलच्या मधल्या गाळ्यात कापून बसवा, म्हणजे उंची फारशी जात नाही. आता अँगल उघडे राहिले तर त्यातूनच गरमी उतरते, म्हणून खोलीच्या बाजूने अँगल झाकून अर्ध्या इंचाची एक सलग शीट आणि मग जिप्सम बोर्ड. बोर्ड वाचवू नका बरं, फोम उघडा ठेवला अन् वायरिंगची ठिणगी पडली की संपलं.

चमकणारा फॉइल पत्र्याला चिकटवून देणारे पण भेटतील, फोम त्याला टेकला की काही उपयोग नाही त्याचा, फॉइलसमोर इंचभर हवेची जागा पाहिजेच.

शीटचे सांधे फॉइल टेपने बंद करा. मी आळस केला होता, तर फटींतून खोलीतली दमट हवा वर जाऊन पावसाळ्यात पहाटे पत्र्याला खालून घाम सुटायचा आणि थेंब बरोबर उशीवर!