आधी ‘हाकला’, मग ‘सॉरी’, मग नारळ

(कोच बदलला की लोक एवढे का पेटतात, असं मागच्या अंकात सहज लिहिलं होतं. पत्रांचा ढीग आला, त्यातली निम्मी न्यू जर्सीची, म्हणजे तिथल्या आइस हॉकी टीमची, डेव्हिल्सची. चार निवडली आहेत.)

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. ऑक्टोबर 2022 मधे डेव्हिल्सची घरच्या रिंकवरची पहिली मॅच बघायला मुलीला घेऊन गेलो होतो, ती तेव्हा नऊ वर्षांची. डेट्रॉइटकडून 5-2 हरलो आणि लोक ‘फायर लिंडी’, म्हणजे कोच लिंडी रफला हाकला, असं ओरडायला लागले, मीही ओरडलो, माझं बघून तीही. पुढच्याच महिन्यात टीम जिंकत सुटली तेव्हा आम्ही दोघं ‘सॉरी लिंडी’ पण ओरडलो. मार्च 2024 मधे लिंडी रफला खरंच काढलं तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो, आणि पोरगी रडत म्हणते, बाबा आपण सॉरी म्हटलं होतं ना? काय सांगू तिला? – एक बाबा

उत्तर : आधी कबूल करतो, त्या रात्री मीही तिथंच होतो, वरच्या मजल्यावर, थंड झालेले फ्राइज मांडीवर घेऊन. माझ्या शेजारी लाल शिंगांची टोपी घातलेले एक आजोबा होते, ते पहिल्यांदा गप्प बसले, मग तिसऱ्या पिरियडला टोपी काढून ठेवली आणि सगळ्यात जोरात तेच ओरडले. सीझनची दुसरी मॅच होती हो! ब्याऐंशीतली दुसरी! उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हे. आणि नंतर ओळीने 13 मॅच जिंकल्या, क्लबच्या जुन्या विक्रमाची बरोबरी, आणि त्या दणक्यात पब्लिकने त्याच माणसाची त्याच्याच नावाने घोषणा देऊन माफी मागितली. मी इतकी वर्षं खेळ बघतोय, प्रेक्षकांनी कोचला शिव्या घातलेल्या शेकड्याने ऐकल्या, पण हजारो लोक एका सुरात सॉरी म्हणतायत हे बाकी कधी ऐकलं नाही. त्या सीझनला 52 विजय, 112 पॉइंट, क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त, शिवाय प्लेऑफला शेजारच्या हाडवैऱ्यांना, न्यूयॉर्क रेंजर्सना, सात मॅचमधे हरवलं, ते तर आपल्या लोकांना लीगच्या कपापेक्षा गोड लागलं असणार.

मग 4 मार्च 2024 ला नारळ. मधे काय झालं? डिफेन्समधला डगी हॅमिल्टन नोव्हेंबरातच जखमी होऊन बाहेर बसला, हुकमी खेळाडू जॅक ह्यूज दुखापतींमुळे आत-बाहेर करत होता, आणि खरं घोडं पेंड खात होतं ते गोलपोस्टमधे. गोलकीपर पक, म्हणजे ती रबरी चकती, अडवतच नव्हते. साधा हिशेब करा. मॅचला 30 शॉट येतात धरा. शंभरातले 91 अडवणारा गोलकीपर असेल तर साधारण 2.7 गोल बसतात, 89 अडवणारा असेल तर 3.3. फरक किती, तर अर्ध्या गोलाहून थोडा जास्त, दिसतसुद्धा नाही. पण 82 मॅचचा गुणाकार केला की 49 गोल होतात, आणि एवढ्या गोलांत अख्खा सीझन बुडतो. आता गंमत बघा, कोचला काढलं सोमवारी आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मॅनेजमेंटने दोन नवे गोलकीपर आणले, जेक अ‍ॅलन आणि कापो काहकोनेन. म्हणजे दुखणं कुठं आहे ते माहीत होतं! वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं. रफ गेला तेव्हा 30 विजय, 27 हार आणि 4 जादा वेळेतल्या हारी असा हिशेब होता, आणि उरलेल्या 21 मॅच ट्रॅव्हिस ग्रीनने सांभाळल्या त्यात फक्त 8 जिंकल्या. 112 वरून 81 पॉइंट, प्लेऑफ नाही.

मुलीला एवढंच सांगा की तुझं सॉरी रफपर्यंत पोचलं होतं, पण नोकरी त्याच्या हातात नव्हती. आणि हेही सांगा की दीडच महिन्यात त्याला बफेलोने परत बोलावलं, तेच बफेलो जिथं त्याने 1997 ते 2013 कोचगिरी केली आणि जिथून त्याला काढलंही होतं. ग्रुपवर पेढे वाटणाऱ्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा, मी अशा ग्रुपवरून आधीच बाहेर पडलोय.

प्रश्न : माझा भाचा नेवार्कला असतो, कोच बदलला की दोन दोन दिवस नीट जेवत नाही असं त्याची बायको सांगते. मी एक मॅच बघितली फोनवर. तो माणूस सूट घालून मागं उभा राहतो, च्युइंगम चावतो, बाकी काही करताना दिसला नाही. मग त्याला ठेवला काय नि काढला काय? – एक मावशी, डोंबिवली

उत्तर : मावशी, तुमचा प्रश्न वाचून खूप हसलो, पण खरं सांगू का, मलाही पहिली दोन वर्षं असंच वाटायचं. आइस हॉकीत खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतात आणि परत बाकावर, की दुसरे पाच आत, आणि खेळ चालूच. म्हणजे आपल्या लोकलमधे गाडी सुटताना चढा-उतरायचं तसं. समोरच्यांचा तगडा खेळाडू बर्फावर उतरला की त्याच्या अंगावर कुणाला सोडायचं हे कोच ठरवतो, आणि खेळ थांबल्यावर खेळाडू बदलताना यजमान टीमला शेवटचा चान्स असतो, म्हणजे समोरचे पत्ते बघून आपला पत्ता टाकता येतो. हे सगळं तो च्युइंगम चावता चावता करतो. बाकी सराव, कुणाला बाहेर बसवायचं, गोलकीपर कधी बदलायचा, शेवटच्या मिनिटांत गोलकीपर काढून सहावा खेळाडू कधी घालायचा. काम आहे हो भरपूर.

पण काढतात का, तर त्याचं कारण पैशात आहे. एनएचएलमधे, म्हणजे डेव्हिल्स खेळतात त्या लीगमधे, खेळाडूंच्या पगारावर मर्यादा असते, 2023-24 ला एका टीमला 8 कोटी 35 लाख डॉलर. जॅक ह्यूजचा करार आठ वर्षांचा, वर्षाला 80 लाख. असे करार सहजासहजी मोडता येत नाहीत, वीस जण एकदम बदलता येत नाहीत. कोचचा पगार मात्र त्या मर्यादेत धरतच नाहीत. घरात सगळेच बिघडलेत आणि बदलता येतं फक्त कामवाल्या बाईला, तसला प्रकार. भाच्याला म्हणावं जेव, नवा कोच येईलच.

प्रश्न : तुम्ही सारखं अमेरिकेचं लिहिता. आम्ही खडकीची माणसं, धनराज पिल्लेच्या गल्लीत हॉकी बघत वाढलो. आपल्याकडे पण कोच बदलतातच की! – एक जुना राइट-आउट

उत्तर : बरोबर पकडलंत, आणि माझं म्हणणं तुमच्या हॉकीत थोडं कच्चं पडतं हेही मान्य. ग्रॅहम रीडने टोकियोला ब्राँझ आणून दिलं, 41 वर्षांनी ऑलिम्पिकचं पदक, आणि जानेवारी 2023 मधे ओडिशाच्या वर्ल्ड कपला आपण नवव्या नंबरवर आलो तर त्याने राजीनामा दिला. मग क्रेग फुल्टन आला, त्याच वर्षी एशियन गेम्सचं सोनं, पुढच्या वर्षी पॅरिसला परत ब्राँझ. म्हणजे कोच बदलून फायदा झालाच नाही असं मी म्हणणार नाही. पण गोलमधे तेव्हाही श्रीजेश होता आणि नंतरही श्रीजेशच होता, एवढं फक्त लक्षात ठेवा.

प्रश्न : माझी अडचण वेगळी आहे. नोव्हेंबर 2022 मधे टोरंटोच्या मॅचला आमचे तीन गोल रद्द केले, 2-1 ने हरलो, 13 विजयांची माळ तुटली आणि लोकांनी बर्फावर बियरचे ग्लास फेकले. मी नाही फेकला, मित्राने माझा घेऊन फेकला. त्या रात्री टोरंटोच्या बाकामागं शेल्डन कीफ उभा होता. आणि मे 2024 मधे टोरंटोने त्याला काढलं नि दोन आठवड्यांत आम्हीच त्याला आमचा कोच केला! टाळ्या वाजवायच्या कशा? – जर्सी सिटीचा एक सीझन-तिकीटवाला

उत्तर : मित्राकडून आधी बियरचे पैसे घ्या, मग टाळ्या वाजवा.

आणि तुमच्या क्लबला हे नवीन थोडंच आहे. मार्च 2000 मधे आठ मॅच उरल्या असताना, टीम वरच्या नंबरात असताना, क्लबचा जनरल मॅनेजर लू लॅमोरिएलोने कोच रॉबी फ्टोरेकला काढून लॅरी रॉबिन्सनला आणलं. लोक म्हणाले याचं डोकं फिरलंय. जूनमधे स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचा कप, आला. म्हाताऱ्याला वाटलं असणार फॉर्म्युला सापडला, कारण 2007 ला तीन मॅच उरल्या असताना क्लॉड ज्युलियनला तसाच काढला, तेव्हाही टीम डिव्हिजनमधे पहिलीच होती, तर दुसऱ्या फेरीत घरी. वर ज्युलियनने बॉस्टनला जाऊन 2011 चा कप जिंकला. एकदा लागला तो मटका, दुसऱ्यांदा नाही लागला, आणि दोन्ही वेळेला गोलमधे मार्टिन ब्रोडरच होता हे कुणी बोलतच नाही.

कीफचंच घ्या ना. तो यायच्या वेळेलाच कॅल्गरीहून जेकब मार्कस्ट्रॉम हा जाणता गोलकीपर आणला. पहिल्याच सीझनला ह्यूज मार्चमधेच खांद्यामुळे बाहेर, तरी 91 पॉइंट, प्लेऑफ, आणि तिथं कॅरोलायनाने पाच मॅचमधे गुंडाळलं. दहा पॉइंट वाढले ते कीफमुळे का मार्कस्ट्रॉममुळे, यावर माझ्या मेव्हण्याशी नेवार्क पेन स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर इतका वाद झाला की आमची एडिसनची ट्रेन गेली. पुढची चाळीस मिनिटांनी होती. त्याने तेवढा वेळ तोंडातून शब्द काढला नाही, आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, बरं, साठ टक्के मार्कस्ट्रॉम.