मामाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका

कोल्हापुरात राजारामपुरीत शिकवणी घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. आठवीतल्या मुलाला त्यांनी ‘माझ्या मामाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका’ याचं इंग्रजी करायला सांगितलं. त्यानं लिहिलं, ‘माय अंकल्स डॉटर्स वेडिंग्ज कार्ड’, तिन्हीकडे अपॉस्ट्रॉफी एस. ताईंनी शेवटचा खोडला आणि ‘वेडिंग कार्ड’ केलं. त्यावर पोरगं म्हणालं, “मॅडम, मामाला लावला, मुलीला लावला, मग लग्नानं काय घोडं मारलंय?” ताई विचारतात, याला नियम काय सांगायचा?

ताई, पोराची शंका रास्त आहे. मराठीत मामाला जो प्रत्यय तोच मुलीला आणि तोच लग्नाला. षष्ठीचा चा-ची-चे एकदा पाठ केला की जन्माची सोय होते. मालकी असो (मामाचं घर), नातं असो (मामाची मुलगी), जिन्नस असो (पितळेची समई), माप असो (दोन दिवसांची रजा) की वापर असो (पाण्याची टाकी), सगळीकडे हा एकटाच राबतो. इंग्रजीत हेच काम तिघांत वाटलेलं आहे. कुठे अपॉस्ट्रॉफी एस, कुठे ‘ऑफ’, आणि कुठे काहीच न लावता नामाशेजारी नाम, जसं ‘वेडिंग कार्ड’.

मग कुठे कोण? मुलांना व्याकरणाच्या संज्ञा सांगू नका, मराठीतच प्रश्न विचारायला लावा. पत्रिका कुणाची? मुलीची. ‘कुणाचा’ विचारता आलं तर अपॉस्ट्रॉफी एस. पत्रिका कसली? लग्नाची. ‘कसला’ विचारावंसं वाटलं तर नुसतं नाम पुढे ठेवायचं. स्कूल बॅग, वॉटर टँक, बस तिकीट, टेबल फॅन हे सगळे ‘कसला’चे. आणि ढेप कशाची? गुळाची. तुकडा, माप किंवा भांडंभर जिन्नस असा ‘कशाचा’ आला की ‘ऑफ’: अ लम्प ऑफ जॅगरी. बारावीपर्यंतचं बरंचसं काम या तीन प्रश्नांवर निभावतं.

‘चहाचा कप’ घ्या. चहाचा कप फुटला, आणि सकाळपासून चहाचे दोन कप झाले. मराठीत शब्द तेच आहेत, फरक आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत पहिला ‘टीकप’, कसला कप याचं उत्तर. दुसरा ‘कप ऑफ टी’, कप कशाचा भरला याचं उत्तर. ‘टीज कप’ मात्र कुठेच होत नाही, कारण चहा कपाचा मालक नव्हे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध मिळतं ते ‘अ ग्लास ऑफ मिल्क’. घरी दुधाला वेगळा ठेवलेला ग्लास तो ‘मिल्क ग्लास’.

दुधाचा विषय निघालाच आहे तर या युक्तीला कुठे भोक आहे तेही सांगतो. गाईचं दूध इंग्रजीत ‘काउज मिल्क’, अपॉस्ट्रॉफी एससकट. म्हशीचं दूध मात्र बहुतेक ठिकाणी ‘बफेलो मिल्क’. प्रश्न दोन्हीकडे ‘कसलं दूध?’ हाच. तसंच ‘विमेन्स कॉलेज’ आणि ‘चिल्ड्रन्स वॉर्ड’. कॉलेज बायकांच्या मालकीचं नसतं, वॉर्ड मुलांच्या नावावर नसतो, तरी तिथे एस लागतो. माणूस किंवा जनावर आलं की इंग्रजीचा हात अपॉस्ट्रॉफीकडे वळतो, एवढंच यातून म्हणता येईल. बाकीचं कानानं शिकायचं.

शाळेत आणखी एक नियम घोकून घेतात, ‘निर्जीव वस्तूला अपॉस्ट्रॉफी एस लावू नये’. मला तो नियम अर्धवट वाटतो. टुडेज पेपर, लास्ट इयर्स फ्लड, द सिटीज रोड्स, द सन्स हीट ही सगळी चोख इंग्रजी आहे. हाकेच्या अंतराला तर इंग्रजीत ‘अ स्टोन्स थ्रो’ म्हणतात, आणि दगडापेक्षा निर्जीव काय असणार? काळ, गाव, देश, संस्था यांना एस खुशाल चालतो. अडतं ते टेबल, दार, भिंत अशा मुक्या वस्तूंपाशी.

काळावरून रजेचा अर्ज आठवला. आपल्याकडच्या निम्म्या अर्जांत ‘टू डेज लीव्ह’ अपॉस्ट्रॉफीशिवाय असतं. तिथे एसनंतर अपॉस्ट्रॉफी हवा, कारण डेज हे आधीच अनेकवचन आहे. एका दिवसाची रजा असेल तर तो एसच्या अलीकडे. बोलताना दोन्ही ‘डेज’च ऐकू येतात, म्हणून लिहिताना घोळ होतो. ‘टू-डे लीव्ह’ असं जोडरेघ देऊन लिहिलं तर एसही नको, अपॉस्ट्रॉफीही नको.

हे चिन्ह एवढं छळतं त्याला त्याचा इतिहास कारण आहे. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांच्या षष्ठीला ‘-एस’ असा, ‘ई’सकट प्रत्यय होता. पुढे त्यातला ‘ई’ उच्चारातून गेला. काही गाळलंय हे दाखवायला छपाईत अपॉस्ट्रॉफी 16व्या शतकात आला आणि पुढच्या दोनेक शतकांत षष्ठीची खूण म्हणून स्थिरावला. मधल्या काळात तर ‘द किंग हिज क्राउन’ असंही लिहीत, जणू तो एस म्हणजे ‘हिज’चाच तुकडा.

आता आपल्या कोल्हापुरी माणसाला फुकट मिळालेली गोष्ट सांगतो. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम गोइंग टू माय अंकल्स’ म्हणून वाक्य संपवतात. पुण्याच्या मुलाला वाटतं, अंकल्स काय? पुढचा शब्द गळाला का? आपल्याला असं वाटायचं कारण नाही. “उद्या मामाच्यात जायचंय”, “पाटलांच्यात बारसं हाय”, “या की आमच्यात जेवायला” हे आपण रोज बोलतो. ‘घर’ शब्द गाळून षष्ठीवरच थेट ‘त’ चढवतो. ‘पाटलांच्यात’ म्हणजे बरोब्बर ‘अ‍ॅट द पाटील्स’, एसनंतर अपॉस्ट्रॉफी, कारण पाटील सगळे. प्रमाण मराठीतल्या ‘पाटलांकडे’त ती षष्ठी दिसत नाही. वर्गात हे सांगून बघा, पोरांना पुन्हा समजवावं लागणार नाही. दातांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे ‘टू द डेंटिस्ट्स’ हेही याच चालीचं.

दुसरीकडे मराठी आपल्याला गोत्यातही आणते. ‘माझा एक मित्र आला होता’ याचं ‘वन माय फ्रेंड केम’ झालेलं तुम्ही ऐकलंच असेल. मराठीत ‘माझा’ आणि ‘एक’ शेजारी सुखानं नांदतात. इंग्रजीत ‘माय’, ‘अ’, ‘द’, ‘धिस’ यांना बसायला जागा एकच आहे, एक बसला की दुसरा उभा. म्हणून ‘अ’ पुढे ठेवून ‘माझा’ला मागे पाठवतात: अ फ्रेंड ऑफ माइन. नाम असेल तर ‘अ फ्रेंड ऑफ माय फादर्स’. इथे ‘ऑफ’ही आहे आणि एसही. मुलं हमखास म्हणतात, सर, दोनदा कशाला?

कशाला ते फोटोवरून कळतं. ‘बाबांचा फोटो’ म्हणजे फोटोत बाबा आहेत की फोटो बाबांच्या मालकीचा आहे? मराठी सांगत नाही. इंग्रजीत ‘अ फोटो ऑफ माय फादर’ म्हटलं की फोटोत बाबा. ‘अ फोटो ऑफ माय फादर्स’ म्हटलं की बाबांच्या संग्रहातला एक फोटो, त्यात कुणीही असेल, अगदी रंकाळा तलावही. तो शेवटचा एवढासा एस सगळा अर्थ फिरवतो. ‘माय फादर्स फोटो’ म्हटलं तर मात्र मराठीइतकाच गोंधळ. कोल्हापुरात चित्रकार ‘बाबूराव पेंटरांचं चित्र’ म्हटलं की तिसराही अर्थ डोक्यात येतो, त्यांनी काढलेलं. त्यासाठी इंग्रजीत ‘बाय’ वापरा, वाद मिटतो.

राहता राहिला तुमचा विद्यार्थी. त्याला ‘माय अंकल्स डॉटर्स वेडिंग कार्ड’ला पूर्ण गुण द्या. मात्र इंग्रज माणूस इतकं लांबण लावणार नाही, तो ‘अंकल्स डॉटर्स’ऐवजी नुसतं ‘कझिन्स’ म्हणून मोकळा होईल. मामे, चुलत, आत्ये, मावस ही भानगड त्याच्या गावीच नाही. आणि ‘द कार्ड ऑफ द वेडिंग ऑफ द डॉटर ऑफ माय अंकल’ असं कुणी लिहिलं तर व्याकरणात चूक नाही, पण वाचणाऱ्याला धाप लागेल. तिथे गुण कापायचे की नाही ते तुम्हीच ठरवा. मी अर्धा कापला असता.