फिफत रत्चकित्प्रकान आणि 400 बातचा घोळ

प्रश्न असा आहे की थायलंडचे तेव्हाचे कामगारमंत्री फिफत रत्चकित्प्रकान यांनी रोजचे किमान वेतन 400 बात (बात म्हणजे थाई चलन) होणार म्हणून सांगितले, मग ते झाले का नाही? थापा मारल्या का?

थापा नव्हेत. जे त्यांच्या हातात नव्हते ते जाहीर केले, एवढेच. तिथे किमान वेतन मंत्री ठरवत नाही. 1998 च्या कामगार संरक्षण कायद्याप्रमाणे ते वेतन समिती ठरवते: सरकारचे 5, मालकांचे 5 आणि कामगारांचे 5 सदस्य, अध्यक्षपदी कामगार मंत्रालयाचे सचिव. मंत्र्याने समितीचा निर्णय मंत्रिमंडळापुढे न्यायचा.

शिवाय 2027 पर्यंत 600 बातचे वचन पंतप्रधानांच्या फ्यू थाई पक्षाचे, आणि सप्टेंबर 2023 मध्ये कामगार खाते आले आघाडीतल्या भूमजायथाय पक्षाच्या फिफत यांच्याकडे. वचन एकाचे, खाते दुसऱ्याचे. त्यांचे घराणे पीटी पेट्रोल पंपवाल्या पीटीजी एनर्जीचे. 2019 पासून ते पर्यटन व क्रीडामंत्री होते. 1 जुलै 2021 ला लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांना विलगीकरणाशिवाय फुकेत हे पर्यटन बेट उघडले, ते त्यांच्याच काळात. कामगार खात्यात जेमतेम महिना झाला तोच 7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा इस्रायलवरचा हल्ला झाला. इस्रायलमध्ये तेव्हा सुमारे 30 हजार थाई कामगार होते, बहुतेक शेतीवर. त्यांना परत आणणे आणि भरपाई देणे यातच त्यांचे पहिले महिने गेले.

आता वेतनाकडे. डिसेंबर 2023 मध्ये समितीने 2 ते 16 बात वाढ दिली, म्हणजे 330 ते 370 बात. पंतप्रधान स्रेत्था यांनी ती फारच कमी म्हणून जाहीर नाराजी दाखवली आणि प्रस्ताव फेरविचाराला गेला. समितीने तेच आकडे पुन्हा पाठवले! एप्रिल 2024 मध्ये 400 मिळाले, पण 10 प्रांतांतल्या ठरावीक भागांत आणि फक्त चार तारे व त्यावरच्या मोठ्या हॉटेलांतल्या कामगारांना.

मग 400 बातसाठी 1 ऑक्टोबर 2024 ची तारीख दिली गेली. इथली मेख कोरममध्ये, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीत आहे. वेतन ठरवायच्या बैठकीला दोन तृतीयांश, म्हणजे 10 सदस्य लागतात, आणि त्यात मालक व कामगार दोघांचे किमान दोन-दोन. मालकांनी दांडी मारली की बैठक बाद. 15 दिवसांत दुसरी बोलवावी लागते. तिथे दोन-दोनची अट नसते, पण 10 जण लागतातच. मालकांचे पाचही आले नाहीत तर उरतात नेमके 10, त्यातला एकजण घरी राहिला की संपले. सप्टेंबरमध्ये कोरमच जमला नाही, त्यात महिनाअखेर समितीचे अध्यक्ष असलेले सचिव निवृत्त झाले.

अखेर 1 जानेवारी 2025 पासून 400 बात लागू झाले ते फुकेत, छाछोएंगसाव, छोनबुरी, रयोंग आणि को समुई इथे. बँकॉकला 372, दक्षिणेच्या तीन सीमावर्ती प्रांतांना 337. बँकॉकला 400 मिळाले 1 जुलै 2025 पासून, पण त्याआधीच जूनमध्ये भूमजायथाय सरकारमधून बाहेर पडला होता. फिफत सप्टेंबरमध्ये परतले ते भूमजायथायच्याच अनुतिन यांच्या सरकारात, उपपंतप्रधान आणि वाहतूकमंत्री म्हणून.