घसरला एकीकडे, पडला दुसरीकडे

प्रिय,

तुझा पॅच काल दोनदा वाचला. स्ट्रक्चर १२० बाइटचं, तू के-मॅलॉककडे (लिनक्स कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) १८४ मागितले आणि क्रॅश थांबला. टेस्ट रात्रभर टिकली म्हणून तुझ्या पत्रात सुटकेचा सूर आहे, तो समजतो. पण हा पॅच मी घेणार नाही.

१२० मागितले म्हणून लिनक्स मोजून १२० देत नाही. ९६, १२८, १९२ अशी ठरलेली मापं असतात. मागणी ज्यात मावेल त्या मापाचा तुकडा मिळतो. तुझं ऑब्जेक्ट १२८ च्या तुकड्यांच्या साठ्यात होतं, १८४ मागितल्यावर ते १९२ मध्ये गेलं. बिऱ्हाड हललं, मेमरी बिघडवणारा चोर जुन्या आळीतच आहे. उद्या तो दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरचं ऑब्जेक्ट फोडेल आणि तो बिचारा मेंटेनर स्वतःचाच कोड उपसत बसेल.

आता तुझा लॉग पुन्हा उघड. ऑफसेट ४८ वरचा, म्हणजे ऑब्जेक्टच्या सुरुवातीपासून ४८ बाइटवरचा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) बघ. शेवट ४० हवा, तिथे ३एफ आहे (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, ३एफ हा ४० च्या लगेच आधीचा आकडा). असले पॉइंटर आठच्या पटीत असतात, विषम पॉइंटर दिसला की तिथेच थांबायचं. शेजाऱ्याने हद्द ओलांडली असती तर तुझं ऑब्जेक्ट बहुधा पहिल्या बाइटपासून चिरडलं गेलं असतं. इथे मधोमध एकच आकडा, तोही बरोबर एकने कमी. म्हणजे कुणीतरी आपला काउंटर समजून तो एकने उतरवला. आपली मेमरी केव्हाच फ्री झाली, तीच जागा तुला मिळाली, हे त्याच्या गावीही नाही. नुकतीच मोकळी झालेली जागा प्रोसेसरच्या कॅशमध्ये अजून गरम असते, म्हणून स्लब (के-मॅलॉकमागचा मेमरी वाटणारा भाग) बहुतेकदा तीच आधी वाटतो. वेगासाठी हे उत्तमच, पण असल्या बगला त्यामुळे रान मोकळं मिळतं.

हा माझा अंदाज आहे, पुरावा तू मिळवायचास. आकार पुन्हा १२० कर आणि स्लब डीबगचे पॉइझनिंग व ट्रॅकिंग चालू करून बूट कर. फ्री झालेल्या जागेत ६बी भरलं जातं. त्या रांगेत एखादा ६ए, म्हणजे एकने कमी, दिसला तर माझं म्हणणं खरं. सोबत ती जागा कुणी घेतली आणि कुणी फ्री केली, तेही छापून येईल. कुणी लिहिलं ते मात्र कळणार नाही, कारण तपासणी नंतर होते. त्यासाठी केसॅन (कर्नलमधलं मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लागेल. ते दर ८ बाइटमागे, त्यांना हात लावायची परवानगी आहे का हे नोंदवणारा १ शॅडो बाइट राखतं आणि चुकीच्या ॲक्सेसच्या क्षणीच पकडतं. मशीन रडतखडत चालेल, टायमिंग बदलून बग दडीही मारेल. चालू दे, लोड वाढव.

मग शोधायचं काय? फ्री करण्याआधी टायमर किंवा वर्क (नंतर चालवायला ठेवलेलं काम) थांबवलंय का, आणि एरर पाथमध्ये (काही चुकलं तरच चालणाऱ्या कोडमध्ये) रेफरन्स (ऑब्जेक्ट वापरात असल्याची नोंद) दोनदा सोडला जातोय का. मी आधी एरर पाथ बघेन. तो कोड रोज चालत नाही, म्हणून कुणी तपासत नाही. फेलस्लॅब या कर्नलच्या चाचणी-सोयीने ॲलोकेशन (मेमरीची मागणी) मुद्दाम फेल करवून तो चालवून बघ.

मीही नवखेपणी असंच केलंय. स्पिनलॉक (जो धरून झोपायचं नसतं असा लॉक) धरून झोपणारं ॲलोकेशन केलं होतं. इशारा आला म्हणून नुसता फ्लॅग बदलून जीएफपी ॲटॉमिक (न झोपता मेमरी मागणारा) केला. इशारा गेला. पुढे मेमरी तंग झाल्यावर तिथून नल (रिकामा पॉइंटर) आला आणि तो तपासणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. खरं तर ॲलोकेशन लॉकच्या आधी उचलून न्यायचं होतं, पाच मिनिटांचं काम.

दुरुस्ती झाल्यावर कमिट मेसेजमध्ये कोण कुणाची जागा वापरत होतं ते लिही, आणि ज्या कमिटपासून बग आला त्याचा फिक्सेस टॅग जोड. केसॅनने दिलेले तिन्ही स्टॅक (चुकीचा ॲक्सेस, जागा घेणं आणि फ्री करणं कुठून झालं त्या फंक्शनच्या याद्या) आधी मला पाठव. नुसता स्क्रीनशॉट नको, पूर्ण टेक्स्ट.

तुझा,
जुना सहकारी